विद्यापीठाला खेळातून नेमकं काय हवंय, हे मोजायचं कसं?

विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचा कुठलाही वार्षिक अहवाल उघडा. पहिल्या पानावर ‘विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास’ हे शब्द बहुधा भेटतीलच. मग मागची पानं उलटून खर्चाचा तक्ता काढा. कुठल्या संघाला किती, सराव शिबिराला किती, प्रवासाला किती, आणि ज्यांची कुठल्याच संघात निवड झाली नाही त्या हजारो मुलामुलींसाठी किती. दोन्ही पानं एकाच विभागाची आहेत, हे पटायला थोडा वेळ लागतो.

मी विद्यापीठाच्या खो-खो संघातून खेळायचो. तिसऱ्या वर्षी गुडघा गेला. संघ स्पर्धेला गेला, मी वसतिगृहावर राहिलो, आणि त्यानंतर ‘पाय कसा आहे’ असं क्रीडा विभागातल्या कुणीही मला कधी विचारलं नाही. तिथली माणसं वाईट नव्हती. आमचे सर पहाटे साडेपाचला मैदानावर हजर असायचे. पण त्यांच्या कामाचं मोजमाप पदकांवर व्हायचं, आणि पदक न आणू शकणाऱ्या खेळाडूसाठी त्यांच्या कुठल्याच तक्त्यात रकाना नव्हता. एखाद्या विभागाला खरोखर काय महत्त्वाचं वाटतं हे बाहेरून कसं ओळखायचं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यासोबत आहे. त्यावर अभ्यासकांनी बरंच काम केलं आहे, आणि त्यातला मोठा वाटा मद्रासहून कॅनडाला गेलेल्या एका माणसाचा आहे.

दोन प्रकारची उद्दिष्टं

आधी एक फरक समजून घेऊ. चार्ल्स पेरो या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९६१ मध्ये संस्थांच्या उद्दिष्टांचे दोन प्रकार सांगितले. पहिलं जाहीर उद्दिष्ट. ते सनदेत, अहवालात, कुलगुरूंच्या भाषणात असतं. दुसऱ्याला आपण चालतं उद्दिष्ट म्हणू. संस्था रोजच्या निर्णयांतून प्रत्यक्षात ज्याच्या मागे लागलेली असते ते.

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, असं कुणी चटकन म्हणेल. पण या दोघांत अंतर पडतं ते नेहमी लबाडीमुळे नाही. जाहीर उद्दिष्ट मुद्दाम मोघम ठेवलेलं असतं, म्हणजे सगळ्यांना त्याखाली सही करता येते. ‘सर्वांगीण विकास’ला विरोध कोण करणार? भांडण सुरू होतं ते पैसे एकाच बसपुरते असतात आणि संघ दोन असतात तेव्हा. त्या बसमध्ये कोण बसतं, यातून चालतं उद्दिष्ट दिसतं.

म्हणून विद्यापीठाच्या खेळाची उद्दिष्टं मोजायची, तर ‘तुमचं ध्येय काय’ एवढं विचारून भागत नाही. त्याचं उत्तर अहवालात आधीच छापलेलं असतं.

नऊ उद्दिष्टांची पट्टी

पाकियनाथन चेल्लादुराई हे मूळचे बास्केटबॉलचे माणूस. शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रातून ते व्यवस्थापनशास्त्राकडे वळले आणि कॅनडात वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात शिकवू लागले. तिथे त्यांनी स्यू इंग्लिस आणि कॅरन डॅनिलचुक यांच्यासोबत १९८४ मध्ये आंतरविद्यापीठ खेळांचे अग्रक्रम मोजण्यासाठी एक पट्टी तयार केली. विद्यापीठं खेळावर पैसा का घालतात, याची त्यांनी नऊ उत्तरं धरली: करमणूक, देशातल्या खेळाचा विकास, आर्थिक लाभ, संस्कृतीचा वारसा पुढे देणं, करिअरची संधी, जनसंपर्क, खेळाडूची व्यक्ती म्हणून वाढ, विद्यापीठाची प्रतिष्ठा आणि अव्वल कामगिरी.

ही यादी मला आवडते, कारण ती भाबडी नाही. पैसा आणि प्रतिष्ठा ही उद्दिष्टं तिनं लपवलेली नाहीत, आणि त्यांना खालच्या दर्जाचीही मानलेलं नाही. काही उद्दिष्टं एकसारखी वाटतात, पण निर्णयाच्या वेळी वेगळी पडतात. प्रतिष्ठा आणि जनसंपर्कच घ्या. प्रतिष्ठा म्हणजे इतर विद्यापीठांच्या नजरेत आपलं स्थान. त्यासाठी एकच संघ देशात पहिला आला तरी पुरतं. जनसंपर्क म्हणजे गावातल्या लोकांना हे विद्यापीठ आपलं वाटणं. त्यासाठी आपलं मैदान गावातल्या शाळांना वापरू देणं जास्त उपयोगी ठरेल. पैसा तेवढाच, आणि रस्ते दोन.

किंवा अव्वल कामगिरी आणि खेळाडूची वाढ. बहुतेक प्रशिक्षक म्हणतील की दोन्ही हातात हात घालून जातात, आणि पुष्कळदा जातातही. पण उपांत्य सामना आणि सत्र परीक्षा एकाच दिवशी आली की हात सुटतात.

शितावरून भाताची परीक्षा

यादी झाली की ती मोजायची कशी? सगळ्यात सोपी पद्धत तुम्ही कुठल्या तरी फॉर्ममध्ये पाहिलेली असेल: ‘अजिबात महत्त्वाचं नाही’पासून ‘अत्यंत महत्त्वाचं’पर्यंत पाच किंवा सात पायऱ्या, त्यांतल्या एकीवर खूण करायची. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये ही रीत रूढ केली आणि आजही पट्टीला त्यांचंच नाव आहे.

शहाणपणाची प्रश्नावली एका उद्दिष्टासाठी एकच प्रश्न ठेवत नाही, तीन-चार ठेवते. खेळाडूच्या वाढीबद्दल थेट विचारायचं, आणि शिवाय अभ्यासासाठी मदतनीस नेमणं, दुखापतीनंतरची काळजी, परीक्षेच्या काळात सराव कमी करणं यांबद्दलही विचारायचं. भात शिजला का हे पाहायला आपण दोन-चार शितं दाबतो, त्यातलाच हा प्रकार. सगळी शितं एकसारखी लागली तर एकाच पातेल्यातली आहेत म्हणायचं. ली क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेला अल्फा हा आकडा हेच तपासतो: एका उद्दिष्टासाठीच्या प्रश्नांची उत्तरं आपसात किती जुळतात. तो साधारण ०.७ च्या वर असला की अभ्यासक पुढे जातात.

घटक विश्लेषण नावाची दुसरी तपासणी उलट दिशेनं येते. कुठला प्रश्न कुठल्या उद्दिष्टाचा हे आपण आधी सांगायचं नाही, फक्त उत्तरं पाहायची. कुठल्या प्रश्नांचे गुण सोबत चढतात आणि सोबत उतरतात? जे सोबत हलतात त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट असावी, असं मानायचं. आपण कागदावर नऊ उद्दिष्टं लिहिली, पण लोकांच्या डोक्यात प्रतिष्ठा आणि जनसंपर्क एकच असेल, तर ते इथे उघडं पडतं.

एवढं सगळं जुळूनही चूक होऊ शकते. शितं सगळी सारखी शिजलेली असली तरी पातेलं दुसरंच असू शकतं. खेळाडूच्या वाढीचे चारही प्रश्न प्रत्यक्षात ‘मी किती सज्जन दिसतो’ एवढंच मोजत असतील, तरी त्यांची उत्तरं आपसात छान जुळतील.

आणि तसं होतंच. क्रीडा संचालकापुढे नऊ उद्दिष्टं ठेवून प्रत्येकाचं महत्त्व विचारलं, की नऊही वरच्या पायऱ्यांवर जाऊन बसतात. सगळंच अत्यंत महत्त्वाचं. फुकट मिळणार असेल तर कोण कशाला नाही म्हणेल?

काहीतरी सोडायला लावणं

माझ्या मते या विषयाचं मर्म इथे आहे. अग्रक्रम हा शब्दच सांगतो की कुणीतरी मागे राहणार. तेव्हा मोजण्याच्या रीतीत सोडून देण्याची सक्ती हवी.

एक रीत म्हणजे जोड्या लावणं. ‘प्रतिष्ठा की खेळाडूची वाढ? एकच निवडा.’ लुई थर्स्टन यांनी १९२७ मध्ये अशा तुलनांतून मोजपट्टी कशी उभारायची याचं गणित मांडलं. नऊ उद्दिष्टांच्या ३६ जोड्या होतात. भरणाऱ्याला कंटाळा येतो हे खरं, पण हाती येतं ते मोलाचं असतं. एखादा माणूस पैशापेक्षा प्रतिष्ठा निवडतो, प्रतिष्ठेपेक्षा खेळाडू निवडतो, आणि खेळाडूपेक्षा पुन्हा पैसा. असं वर्तुळ दिसलं की समजावं, यानं या प्रश्नाचा विचार कधी केलेलाच नाही. साध्या पाच पायऱ्यांच्या पट्टीवर हा गोंधळ कधीच दिसला नसता.

दुसरी रीत म्हणजे १०० गुण हातात देऊन नऊ उद्दिष्टांत वाटायला सांगणं. एकाला पाच वाढवायचे तर दुसऱ्याचे पाच कापायचे. घरखर्च चालवणाऱ्या कुणालाही ही रीत शिकवावी लागत नाही. मात्र तिची एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी: ती फक्त प्रमाण सांगते, तळमळ सांगत नाही. एका विद्यापीठानं खेळाडूच्या वाढीला ३० गुण दिले आणि दुसऱ्यानं २०, म्हणून पहिलं जास्त काळजी घेतं असं ठरत नाही. दुसऱ्याला कदाचित खेळच मुळात जास्त महत्त्वाचा असेल आणि तिथले २० पहिल्याच्या ३० पेक्षा वजनदार असतील. म्हणून पायऱ्यांची पट्टी आणि १०० गुणांची वाटणी, दोन्ही सोबत वापरणं बरं.

कुणाला विचारायचं?

१९९० च्या दशकात चेल्लादुराई अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात गेले. गेलन ट्रेल यांच्यासोबत त्यांनी २००० मध्ये एका मोठ्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना विचारलं. उद्दिष्टांचे इथे दोन मोठे गट पडले. एका बाजूला विकासाची उद्दिष्टं: खेळाडूचं शिक्षण, आरोग्य, सामाजिक वाढ. दुसऱ्या बाजूला कामगिरीची: जिंकणं, पैसा, नाव. उत्तर देणाऱ्यांनी विकासाला कामगिरीपेक्षा वरचं स्थान दिलं.

त्यांनी आणखी एक शहाणी गोष्ट केली. उद्दिष्टांबरोबर प्रक्रियांबद्दलही वेगळं विचारलं. म्हणजे ‘शिक्षण महत्त्वाचं आहे का’ हे एक, आणि ‘त्यासाठी विभागानं अमुक गोष्ट करणं किती महत्त्वाचं’ हे दुसरं. हो म्हणणं आणि त्यासाठी हात हलवणं यातलं अंतर असं पकडता येतं. पुढे २००२ मध्ये त्यांनी उत्तर देणाऱ्यांची वैयक्तिक मूल्यंही जोडून पाहिली. ज्यांना सत्ता आणि वर्चस्व महत्त्वाचं वाटतं त्यांचा कल कामगिरीकडे, आणि ज्यांना सर्वांचं भलं महत्त्वाचं वाटतं त्यांचा विकासाकडे. खेळाबद्दलचं आपलं मत खेळातूनच आलेलं असतं असं नाही, हे मला त्यातून नव्यानं कळलं.

आता अमेरिकेकडेच पाहा. विचारलं तर लोक विकासाला वर ठेवतात, आणि बहुसंख्य राज्यांत सर्वाधिक सरकारी पगार घेणारा माणूस म्हणजे तिथल्या सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे) किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक. म्हणजे लोक खोटं बोलले असं नाही. ज्यांना विचारलं ते वेगळे, आणि करारावर सही करणारे वेगळे.

आकडा बांधला की काय होतं

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था एनसीएए. तिनं विकासाचं उद्दिष्ट नुसतं जाहीर न ठेवता त्याला आकडा बांधायचा प्रयत्न केला. २००० च्या दशकाच्या मध्यापासून प्रत्येक संघाचा शैक्षणिक प्रगती दर काढला जातो. हिशेब सोपा आहे. शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येक खेळाडूला दर सत्रात दोन गुण मिळू शकतात: अभ्यासाच्या निकषांवर खेळायला पात्र राहिला तर एक, आणि विद्यापीठात टिकून राहिला किंवा पदवी घेऊन बाहेर पडला तर एक. मिळालेले गुण भागिले मिळू शकणारे गुण, गुणिले १०००. चार वर्षांची सरासरी ९३० च्या खाली गेली तर शिक्षा.

बास्केटबॉलच्या १३ खेळाडूंचा संघ धरा. दोन सत्रं, प्रत्येकी दोन गुण, म्हणजे वर्षाला ५२. तीन गुण गेले तर दर ९४२ आणि संघ सुरक्षित. चौथा गेला की ९२३. दोन मुलं एकेका सत्रात नापास होऊन निघून गेली की काम तमाम, अर्थात उरलेल्या वर्षांनी हात दिला नाही तर.

कनेक्टिकट विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाला याच दरापायी २०१३ च्या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर ठेवलं गेलं. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, त्या संघानं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. कामगिरीच्या पट्टीवर हा देशातला पहिला संघ, आणि वर्षभरापूर्वी विकासाच्या पट्टीवर स्पर्धेलाही अपात्र. दोन उद्दिष्टं वेगळी मोजायची असतात, हे याहून स्पष्ट काय असेल?

त्याच २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाबद्दलचा चौकशी अहवाल बाहेर आला. तिथे १९९३ ते २०११ या काळात ‘कागदी वर्ग’ चालले होते. तास नाहीत, प्राध्यापक नाहीत, एक निबंध लिहून द्यायचा आणि कार्यालयातल्या कर्मचाऱ्याकडून चांगले गुण घ्यायचे. ३,१०० हून अधिक विद्यार्थी त्यातून गेले आणि त्यांत खेळाडूंचा वाटा निम्म्याच्या आसपास होता. हे वर्ग प्रगती दर सुरू होण्याच्या आधीपासूनचे, त्यामुळे दोष त्या दराचा नाही. पण खेळाडू ‘पात्र’ राहिला पाहिजे हा दबाव होताच, आणि पात्रता मोजली जात होती गुणपत्रिकेवर. मुलगा शिकला की नाही हे कुणीच मोजत नव्हतं. एनसीएएनं २०१७ मध्ये शिक्षा न करता प्रकरण मिटवलं. कारण काय, तर हे वर्ग केवळ खेळाडूंसाठी नव्हते, सगळ्यांना खुले होते. हा निर्णय वाचून मला मनापासून वाईट वाटलं. ज्या मुलांनी चार वर्षं मैदानावर घाम गाळला, त्यांच्या हाती विद्यापीठानं पोकळ कागद दिला होता.

कागदावरचे १०० गुण खरे झाले

जून २०२५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं एका मोठ्या तडजोडीला मान्यता दिली. त्यानुसार विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला कमाल सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. आणि ते खेळांमध्ये कसे वाटायचे, हे विद्यापीठानं ठरवायचं.

मघाची १०० गुण वाटण्याची रीत आठवा. तीच इथे खऱ्या पैशात उतरली आहे. बऱ्याच मोठ्या विद्यापीठांनी धरलेलं वाटप साधारण असं आहे: फुटबॉलला ७५, पुरुष बास्केटबॉलला १५, महिला बास्केटबॉलला ५ आणि उरलेल्या सगळ्या खेळांना मिळून ५. पोहणारे, धावणारे, टेनिसपटू, व्हॉलीबॉलच्या मुली, सगळे त्या शेवटच्या पाचांत.

यावरून ‘पैसा हेच यांचं उद्दिष्ट’ असा निकाल द्यायचा मोह होतो, पण घाई करू नये. फुटबॉलच्या उत्पन्नावरच तिथे इतर खेळांचे संघ पोसले जातात. तेव्हा ७५ गुण ही पैशाची हाव असू शकते, किंवा पोहण्याचा संघ जिवंत ठेवण्याची खटपटही असू शकते. नुसता ताळेबंद पाहून ते सांगता येत नाही. म्हणून विचारणंही लागतं आणि हिशेब पाहणंही. त्यातल्या त्यात उपयोगी खूण म्हणजे फुटबॉलचं उत्पन्न वाढलं त्या वर्षी इतर खेळांचा खर्च वाढला का, हे पाहणं.

आपल्याकडे विद्यापीठांच्या खेळाचं सर्वात मानाचं मोजमाप म्हणजे मौलाना अबुल कलाम आझाद चषक. तो १९५६-५७ पासून दिला जातो आणि त्यावर पंजाबातल्या विद्यापीठांची, विशेषतः अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाची, मोठी मोहोर आहे. तो मिळतो स्पर्धांमधल्या यशाबद्दल. नऊ उद्दिष्टांपैकी अव्वल कामगिरी आणि प्रतिष्ठा ही दोन तो चोख मोजतो. उरलेल्या सातांबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि सांगतो असा त्याचा दावाही नाही. चूक होते ती आपण त्याच्याकडे पाहून ‘या विद्यापीठात खेळाचं चांगलं चाललंय’ म्हणतो तेव्हा.

महाराष्ट्रात ही प्रश्नावली वापरायची तर नुसतं भाषांतर करून चालणार नाही. ‘करिअरची संधी’ म्हटल्यावर अमेरिकन विद्यार्थ्यासमोर व्यावसायिक लीग येते. अश्वमेध या राज्यातल्या आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी निवड झालेल्या आपल्या मुलीसमोर शासकीय नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण येतं, पोलीस भरती येते, आणि कुठलं प्रमाणपत्र त्यासाठी चालतं हा प्रश्न येतो. तिच्या घरी तिला खेळू दिलं जातं ते बऱ्याचदा याच आशेवर. प्रश्न तिच्या भाषेत आणि तिच्या आयुष्यातून काढले नाहीत, तर पट्टी कितीही शास्त्रीय असली तरी मोजणार दुसऱ्याच कुणाचं तरी मन.

एखाद्या विभागाला हे छोट्या प्रमाणात करायचं असेल तर संगणकही लागत नाही. नऊ उद्दिष्टं आपल्या शब्दांत लिहायची, नकोशी वाटतील ती सुद्धा. क्रीडा संचालक, प्रशिक्षक, प्राध्यापक, वित्त विभागातली मंडळी आणि खेळाडू, प्रत्येकाला १०० गुण वाटायला सांगायचे, चिठ्ठीवर नाव न घालता. मग मागच्या तीन वर्षांचा खर्च त्याच नऊ रकान्यांत बसवायचा. हे बसवताना जे वाद होतील ते टिपून ठेवावेत, कारण ‘हा खर्च नेमका कशासाठी होता’ हे तिथे पहिल्यांदाच बोललं जातं.

आणि खेळाडूंना चिठ्ठ्या देताना केवळ यंदाच्या संघाची यादी समोर घेऊ नये. मागच्या दोन वर्षांच्या याद्याही काढाव्यात आणि त्यांच्याशी ती ताडून पाहावी. मधेच गळालेली नावं तिथे सापडतात. त्यांना फोन करावा, चिठ्ठी द्यावी, आणि जमलं तर पाय कसा आहे तेही विचारावं.